साडेतीन इंच

सुरुवातीलाच एक गोष्ट नोंदवून ठेवतो. माझे पाय आखूड नाहीत. मोटरसायकली उंच असतात. हे मी गेले चार महिने बायकोला, शेजाऱ्यांना, तीन शोरूमवाल्यांना, एका मेकॅनिकला आणि शेवटी लेखी स्वरूपात सरकारला सांगत आलो आहे, आणि यांतल्या एकानेही ते मनापासून मान्य केलेलं नाही.

माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. ही काही जगावेगळी उंची नव्हे. फक्त देवाने तिची वाटणी करताना कमरेच्या वर जरा सढळ हात ठेवला. त्यामुळे खुर्चीत बसलो की मी भारदस्त दिसतो. ऑफिसात टेबलापुढे येणारा माणूस माझ्याशी अदबीने बोलतो आणि मी एखादा कागद आणायला उठलो की त्याचा आवाज चढतो. तयार पँट घेतली की शिंपी खालचा वीतभर तुकडा कापून हातात देतो. आमच्या घरातली ओटा पुसायची सगळी फडकी त्याच तुकड्यांची आहेत, आणि पाहुणे येणार असले की अनिता, म्हणजे माझी पत्नी, ती नेमकी पुढच्या दारात वाळत घालते असा माझा जुना संशय आहे.

मी मोजणीच्या ऑफिसात आवक-जावक लिपिक आहे. आमच्या ऑफिसातर्फे जमिनी मोजल्या जातात, पण मी मोजत नाही. आलेल्या कागदावर आवक क्रमांक टाकायचा, गेलेल्या कागदावर जावक क्रमांक टाकायचा, हे माझं काम. सतरा वर्षांत मी जमिनीला एकदाही टेप लावलेली नाही. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावं, कारण पुढे ते मी बऱ्याच लोकांना सांगितलं आणि कुणीच लक्षात ठेवलं नाही. आमच्या सापगावात आणि आसपासच्या पाड्यांवर मोजणीच्या ऑफिसात जाणारा तो मोजणीवाला, आणि मोजणीवाला म्हणजे भाऊसाहेब, इथे विषय संपतो.

ऑफिस शहापूरला होतं तोवर माझी काही तक्रार नव्हती. अनिता शहापूरच्या पतपेढीत जाते. तिची स्कूटी आहे. अकरा वर्षं मी तिच्या मागे, दोघांचे डबे मांडीवर घेऊन बसत आलो. पुलावर समोरून येणारे लोक तिला नमस्कार करत आणि माझ्याकडे बघून हसत. मी कधी काही बोललो नाही. माणूस मनात साठवत जातो.

जूनमध्ये माझी मुरबाडला बदली झाली. मुरबाडच्या ऑफिसात अंगठा लावायचं मशीन आहे आणि ते पावणेदहानंतर माणसाला उशिरा आलेला समजतं. सापगावाहून मिळणारी एसटी मला दहा वीसला पोचवायची. तीन उशिरांना एक रजा, असा हिशेब. जुलैच्या मध्यापर्यंत माझ्या दिवाळीच्या रजा संपल्या आणि मी होळीच्या रजांना हात घातला. असंच चाललं असतं तर बिनपगारी व्हायला गणपतीही उजाडावे लागले नसते. तेव्हा गाडी घेणं भाग होतं.

अनिता म्हणाली, आणखी एक स्कूटी घ्या. मी म्हणालो, त्या रस्त्याच्या खड्ड्यांत एवढीशी चाकं टिकणार नाहीत. हे खरंच होतं. पण आता लिहायलाच बसलोय तर तेही लिहून टाकतो. मला एकदा पुढे बसायचं होतं, आणि तेही मोटरसायकलवर. इतकी साधी गोष्ट होती.

मोटरसायकल घ्यायची म्हटल्यावर शेजारच्या साईनाथला विचारावं लागतं. तो वाशिंदच्या एका कारखान्यात कामाला आहे, वजन शंभराला दोन कमी, आणि गाड्यांतलं त्याला फार कळतं अशी त्याची स्वतःची समजूत आहे. त्याने आमच्या ओट्यावर माझी आतली शिलाई, म्हणजे जांघेपासून टाचेपर्यंतचं माप, भर दुपारी सगळ्यांसमोर घेतलं. आकडा ऐकून त्याने पुन्हा घेतलं. समोरच्या रंगूमावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी लहानपणी मला मालिश कोण करायचं अशी चौकशी केली आणि उत्तर ऐकून, तरीच, असं म्हणून पुन्हा सुपात बघितलं. त्या दिवसापासून आळीत माझी तब्येत कशी आहे असं लोक विचारू लागले.

पहिल्या शोरूममध्ये गाडीवर बसलो तर दोन्ही पाय अधांतरी. विकणारी मुलगी समजूतदार होती. ती म्हणाली, सर, ही गाडी लेडीजपण घेतात. यातून तिला काय सुचवायचं होतं हे मी विचारलं नाही. मी खाली उतरलो, म्हणजे उडी मारली, आणि बाहेर आलो.

दुसऱ्या शोरूममध्ये साईनाथने बसकी, लांबलचक गाडी दाखवली. तिची सीट खाली होती. माझे तळवे जमिनीला पूर्ण टेकले आणि मला गहिवरून आलं. पण त्या गाडीत ब्रेक पुढच्या चाकाच्या शेजारी कुठेतरी असतो. जमिनीला पाय पोचले तर ब्रेकला पोचेनात. साईनाथ म्हणाला, तू थांबशील तरी, नाहीतर चालवशील तरी, दोन्ही नाय जमायचं. मला वाटतं या वाक्यात तो फक्त गाडीबद्दल बोलत नव्हता.

तिसरं शोरूम वाशिंदला होतं. तिथे साधी, शंभर सीसीची, काळी, कुणाच्याही डोळ्यांत न भरणारी गाडी उभी होती. मी बसलो. पाय नीट पोचत नव्हते, पण अगदीच अधांतरीही नव्हते. साईनाथ म्हणाला, चल, पिकप बघू, आणि मागे बसला. आणि काय सांगू, माझे बूट जमिनीला लागले. दोन्ही बूट, एकाच वेळी. मी पुन्हा पुन्हा पाय उचलून टेकवून पाहिले. वाशिंदच्या रस्त्यावर आम्ही तीन फेऱ्या मारल्या, प्रत्येक वेळी मी थांबलो आणि प्रत्येक वेळी पाय टेकले. मी त्याच दिवशी पैसे भरले. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, अनिताने गाडीला ओवाळलं. मलाही ओवाळलं, हे विशेष.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा गाडीवर बसलो आणि माझे पाय हवेत राहिले.

ज्यांना एव्हाना कळलं असेल त्यांना माझा नमस्कार. मला कळायला अर्धा तास लागला. साईनाथ मागे बसला की मागचे शॉकअप दबायचे आणि गाडी चार बोटं खाली बसायची. माझ्या पायांच्या मापाची मोटरसायकल मला मिळाली होती, पण ती साईनाथसकट. आणि साईनाथला सकाळी सातला वाशिंदला हजर व्हायचं असतं, जे मुरबाडच्या बरोबर उलट दिशेला आहे.

आळीने सल्ले दिले. एक पाय टेकव, गाडी जराशी तिरपी कर, सगळं जग तेच करतं, हा साईनाथचा. मी गाडी तिरपी केली. ती तिरपी होत होत आडवी झाली आणि मी तिच्याखालून रंगूमावशींना दिसलो. मेकॅनिक अक्षयने सीटमधला स्पंज कापला. गाडी बोटभरही खाली आली नाही, उलट मुरबाडपर्यंतचा प्रत्येक खड्डा मला नावानिशी ओळखू लागला. जाड टाचेचे बूट घातले तर ब्रेकचं आणि माझं एकमेकांशी बोलणं बंद झालं.

शेवटी अनिताने उपाय काढला. तिचं डोकं चालतं, त्याबद्दल माझी तक्रार आहे पण शंका नाही. तिने मागच्या सीटवर तांदळाचं पन्नास किलोचं पोतं बांधून दिलं. पाय पुरते टेकले नाहीत, पण बुटाची टोकं लागली. आठवडाभर मी तांदळाचं पोतं सापगावाहून मुरबाडला नेलं आणि मुरबाडहून सापगावला आणलं. आमच्या तांदळाने त्या आठवड्यात जेवढा प्रवास केला तेवढा मी सबंध नोकरीत केला नसेल. सोमवारी साहेबांनी आत बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाले, रोज सकाळी पोतं घेऊन येता आणि संध्याकाळी घेऊन जाता, बाहेर लोक म्हणताहेत की सकाळचं माझ्यासाठी असतं आणि संध्याकाळचं तुमच्यासाठी. मी म्हणालो, साहेब, ते एकच पोतं आहे. साहेब म्हणाले, ते तुम्ही कुणाकुणाला सांगणार? पोतं बंद झालं.

आता माझ्यापुढे एकच मार्ग होता. जिथे पाय टेकेल तिथेच थांबायचं. ज्यांचे पाय पोचतात त्यांना ही विद्या माहीत नसते. सापगाव ते मुरबाड या रस्त्यावर माझ्यासारख्याला थांबण्याजोग्या एकंदर पाच जागा आहेत, म्हणजे पाच जागी डाव्या बाजूला काहीतरी उंच आहे. एक मोरीचा कठडा, एक पडका मैलाचा दगड, एका देवळाची पायरी, एका दुकानापुढचा ओटा, आणि निम्म्या वाटेवर कोंडूच्या शेताच्या कोपऱ्यातला हद्दीचा दगड. बाकी सगळ्या प्रवासात मी न थांबणारा माणूस होतो. वाटेत ओळखीचे लोक हात करायचे आणि मी त्यांच्याकडे बघत बघत पुढे जायचो. मी गर्विष्ठ झालोय असं त्यांचं मत झालं. दोन म्हशी आडव्या आल्या तेव्हा मी त्यांच्याभोवती चार प्रदक्षिणा घातल्या आणि रस्ता मोकळा झाल्यावर पुढे गेलो.

कोंडूचा दगड मला फार सोयीचा होता. डांबराच्या कडेला लागून, सपाट माथ्याचा, आणि उंची अशी की पाय ठेवला की अगदी खुर्चीत बसल्यासारखं वाटावं. शिवाय मोबाइलची रेंज त्या सगळ्या पट्ट्यात तेवढ्याच वळणावर येते. साहेबांना सकाळी सव्वानऊला फोन करून आपण कुठपर्यंत आलो ते कळवायचं, असा पोत्यानंतर नियम झाला होता. म्हणून मी रोज बरोबर सव्वानऊला तिथे थांबायचो, डावा पाय दगडावर ठेवायचो, फोन लावायचो आणि बोलता बोलता साहजिकच इकडेतिकडे शेतांवर नजर टाकायचो. फोनवर मी म्हणायचो, हो साहेब, जागेवर पोचलो. निम्मं झालंय, निम्मं राहिलंय, पावणेदहापर्यंत पूर्ण होतं. हे मी माझ्या प्रवासाबद्दल बोलत होतो. यात संशय घेण्यासारखं काय आहे ते मला अजूनही कळलेलं नाही.

कोंडू साठीच्या पुढचा, काटक, कमी बोलणारा शेतकरी. तो बांधावर बसून माझ्याकडे बघायचा. पाचव्या दिवशी त्याची बायको गोजर माझ्यासाठी चहा घेऊन आली. मी घेतला. सहाव्या दिवशी खुर्ची आली. खुर्चीवर बसायला गाडीवरून उतरावं लागलं असतं आणि उतरल्यावर पुन्हा चढायचा प्रश्न होता, म्हणून मी नको म्हणालो. सातव्या दिवशी कोंडू जवळ आला.

“भाऊसाहेब, आमाला काय समजत नाय का? खरं सांगा. रस्ता हिकडनंच चाललाय ना?”

मी म्हणालो, रस्ता हाच आहे, मी याच रस्त्याने मुरबाडला जातो. कोंडूने मान हलवली. सरकारी माणूस तोंडाने कधी बोलणार नाही, हे त्याला माहीत होतं.

पुढच्या सोमवारी पाहतो तर कोंडूच्या बांधांवर आणि मागच्या वरकस, पडीक माळावर आंब्याची कलमं लागलेली. दोनशे तरी असतील. हाताहाताच्या अंतरावर, एखाद्या कवायतीला उभी केल्यासारखी. आमच्या तालुक्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मागे मोठा रस्ता गेला तेव्हा जमिनीचे वेगळे आणि झाडांचे वेगळे पैसे मिळाले होते. तेव्हापासून कुणीही अनोळखी माणूस शेताच्या कडेला जरा जास्त वेळ उभा राहिला की माणसं आधी कुदळ उचलतात आणि मग विचारतात. बुधवारपर्यंत कोंडूच्या शेजारच्या चार शेतांत कलमं लागली. एकाने पत्र्याची शेड घातली आणि तिच्यावर ‘कुक्कुटपालन’ असं लिहिलं. आत कोंबडी नव्हती. शुक्रवारी वाशिंदकडून दोन प्लॉटवाले आले, पांढऱ्या गाडीतून. साईनाथने रात्री ओट्यावर मला हळूच विचारलं की घरच्या माणसापासून तरी लपवू नको, कुठला गट नंबर आहे. मी त्याला म्हणालो की गाडी उंच आहे म्हणून मी तिथे थांबतो. साईनाथ हसला. चांगलंय, म्हणाला, हेच सांगत जा.

मी थांबायचंच बंद करावं असं अनिताने सुचवलं. करून पाहिलं. एक दिवस तिथे न थांबता गेलो, तर वळण सरेपर्यंत साहेबांचा फोन खिशात वाजत राहिला, आणि संध्याकाळी परत येताना त्या वळणावर तीसेक माणसं उभी. रस्ता वळवला का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. कोंडू त्यांच्यात नव्हता. तो बांधावर बसून आपल्या कलमांकडे बघत होता. मला उगाच अपराध्यासारखं वाटलं आणि त्या वाटण्याचाही राग आला, कारण मी केलं काय होतं? दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने दगडावर पाय ठेवला.

मग अर्ज आला. रस्त्याच्या उजव्या बाजूच्या सतरा शेतकऱ्यांचा. आपल्या कार्यालयातील कर्मचारी रोज फक्त डाव्या बाजूची मोजणी करून पक्षपात करीत आहेत, तरी उजव्या बाजूसही न्याय मिळावा. तो टपालात आला, मी उघडला, आणि माझ्याविरुद्धच्या तक्रारीला मीच माझ्या हाताने आवक क्रमांक अकराशे सत्तेचाळीस दिला. त्यावर साहेबांनी मला नोटीस काढली. तिला जावक क्रमांकही मीच दिला, पाकिटावर माझंच नाव घातलं, पोच म्हणून माझीच सही घेतली. मंजूर नसलेल्या प्रकल्पाची मोजणी चालू असल्याचा आभास निर्माण करून जनतेची दिशाभूल केल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.

म्हणजे प्रकरण नोकरीवर आलं. आणि सुटायचा मार्ग एकच होता, तो म्हणजे कारण लिहून देणं. आयुष्यात मी ते तोंडाने कधी म्हटलं नव्हतं. लग्नाच्या वेळी मुलगी पाहायला गेलो तेव्हाही मी आधी जाऊन बसलो होतो आणि ती मंडळी उठून गेल्यावरच उठलो होतो. ते आता विषय, संदर्भ, महोदय अशा पायऱ्यांनी लिहायचं होतं. तीन कागद फाडले. शेवटी विषय लिहिला: मोटरसायकलच्या आसनाची उंची जास्त असल्याबाबत. खाली लिहिलं की सदर वाहनावर बसले असता जमीन आवश्यक त्या उंचीवर उपलब्ध होत नाही, सबब दगडाचा आधार घ्यावा लागतो. अनिताने वाचलं आणि फडकं तोंडाला लावलं. फडकं कुठलं ते सांगायला नको.

साहेबांनी खुलासा दोनदा वाचला. ते वाईट माणूस नाहीत. पण ते म्हणाले, हे मी वर पाठवलं तर वरचे मला वेड्यात काढतील, याला पुरावा हवा. पुरावा म्हणजे स्थळपाहणी, आणि स्थळपाहणी म्हणजे पंचनामा.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता कोंडूच्या दगडाजवळ माझा पंचनामा झाला. साहेब जीप घेऊन आले. बरोबर एक भूकरमापक, म्हणजे खराखुरा जमीन मोजणारा माणूस, त्याची पोलादी टेप आणि एक शिपाई. पाच पंच जमवले, त्यांत पहिला कोंडू. डाव्या बाजूचे सगळे आले, उजव्या बाजूचे सतरा तर सकाळपासूनच येऊन बसले होते. मला गाडीवर बसायला सांगितलं. दोघांनी गाडी सरळ धरली, तळवे सपाट ठेवायला लावले, आणि भूकरमापकाने गुडघे टेकून डांबरापासून माझ्या बुटापर्यंतचं अंतर टेपने मोजलं. डावा साडेतीन इंच. उजवा साडेतीन इंच. त्याने आकडा मोठ्याने सांगितला, कारण त्यांची तशी पद्धत असते. शिपायाने लिहिला. मागून कुणीतरी तो आकडा पुढच्याला सांगितला आणि तो गर्दीतून पार शेवटच्या माणसापर्यंत गेला. शंभर माणसांसमोर मी हँडल धरून, पाय लोंबकळत, सरळ समोर बघत बसलो होतो. डोळ्यांत पाणी आलं होतं ते मी हेल्मेटची काच खाली घेऊन लपवलं.

मसुद्यात शिपायाने लिहिलं होतं, कर्मचाऱ्याचे पाय जमिनीपर्यंत पोचत नाहीत. साहेबांनी सहीसाठी कागद माझ्यापुढे केला आणि बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, यात तुमचा फायदाच आहे. शारीरिक अडचण म्हणून वर शिफारस करतो, महिन्यात शहापूरला परत जाल. सेवापुस्तकात एक नोंद होईल, एवढंच.

शहापूर. पावणेदहाचं मशीन नाही, फोन नाही, दगड नाही. स्कूटीच्या मागे डबे घेऊन बसायचं आणि निवृत्त होईपर्यंत माझ्या सेवापुस्तकात, नियुक्ती आणि वेतनवाढींच्या मधोमध, माझे पाय पोचत नाहीत अशी नोंद. जून महिन्यात मला हे कुणी दिलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते.

मी म्हणालो, “साहेब, माझे पाय पुरेसे आहेत. गाडी उंच आहे. तसं लिहा, सही करतो. बदली नको.”

एवढं सलग मी साहेबांशी कधी बोललो नव्हतो, आणि तेही उभं राहून. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे, मग पेन काढून स्वतः दुरुस्ती केली. वाहनाचे आसन साडेतीन इंच जास्त उंच असल्याचे दिसून आले. पाची पंचांनी सह्या केल्या.

माझ्यापुरतं प्रकरण तिथे मिटलं, नोकरी वाचली. पण लोकांनी त्या दिवशी काय पाहिलं याचा विचार आम्हा दोघा सुशिक्षित माणसांपैकी एकालाही सुचला नव्हता. लोकांनी सरकारी जीप पाहिली. साहेब पाहिले. नेमक्या कोंडूच्या हद्दीच्या दगडापाशी भूकरमापक गुडघ्यांवर बसून टेप लावताना पाहिला, आकडा ऐकला, पंचनामा पाहिला. इतके दिवस रस्ता येणार ही नुसती बोलवा होती, आता मोजणी झाली. सरकार उगाच काय एका कारकुनाचे पाय मोजायला जीप घेऊन येतं? हा प्रश्न बिनतोड आहे, आणि त्याचं उत्तर मला स्वतःलाही धड देता येत नाही. संध्याकाळपर्यंत रोपवाटिकेतली कलमं संपली.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला मी कोंडूला तिथेच पकडलं. चिडून म्हणालो, कोंडूदादा, तुम्ही पंच होतात, तुमच्या डोळ्यांदेखत माझा पाय मोजला, तुम्ही तरी लोकांना खरं काय ते सांगा. दोनशे कलमं लावून बसलात, रस्ता येणार नाही, आता माझ्या नावाने शिव्या घालाल.

कोंडू एका कलमाला काठीचा आधार बांधत होता. त्याने गाठ पुरी मारली आणि मग बोलला.

“मी पायलं ना भाऊसाहेब. तुमचा पाय नाय पोचत, ते मना पयल्या दिवशीच कळलं व्हतं. म्हनून तर खुर्ची आनली. पन पोरं कदी माळावर कुदळ घेऊन येत नव्हती ती आली. रस्ता नाय आला तर नाय. आंबं तं येतील.”

चार महिन्यांत माझे पाय पोचत नाहीत हे कुणीतरी न हसता म्हटलं होतं, आणि त्याचाही मला राग आला नाही, याचंच नवल वाटलं. मी चहा घेतला आणि निघालो.

पुढच्या आठवड्यात उजव्या बाजूच्या एका शेताच्या कोपऱ्यावर नवा दगड दिसला. मग शंभर पावलांवर आणखी एक. मग डावीकडे तीन. आपल्याही हद्दीवर भाऊसाहेब थांबावेत, मोजणी आपल्याही बाजूला सरकावी, म्हणून ज्याने त्याने डांबराच्या कडेला दगड बसवायला घेतला. सगळे सपाट माथ्याचे. मी एका दगडावर पाय ठेवून पाहिला आणि तळवा अलगद, पुरता टेकला. दुसऱ्यावर टेकला. खाली वाकून बोटांनी माप घेतलं, आणि संध्याकाळी अनिताची शिवणाची टेप आणून नीट घेतलं. साडेतीन इंच. पंचनाम्यात जेवढे होते तेवढे, ना कमी ना जास्त.

आता सापगाव ते मुरबाड मी हवा तिथे थांबतो. माणसं हात करतात, मी थांबतो, पाय टेकतो, विचारपूस करतो, दोन्ही बाजूंना आळीपाळीने, म्हणजे पुन्हा अर्ज यायला नको. परवा साईनाथने त्याच्या अंगणापुढेही एक दगड आणून ठेवला. मी टेप लावली तर चार इंच भरला. मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं की हे चालणार नाही, अर्धा इंच घासून घे. माझे पाय काही एवढे आखूड नाहीत.